मागची फळी

ड्रिल थांबलं आणि ह्यांनी पान्याच्या दांड्याने होडीच्या मागच्या फळीवर एक ठोका मारला. मुद्दाम नव्हे, काम उरकल्यावर माणूस आपल्याच मांडीवर थाप मारतो तसा. आवाज आला, भद. ओल्या गादीवर मूठ आपटावी तसा. मी नाश्त्याचा डबा हातात धरून चार पावलांवर उभी होते. तिथे टक असा आवाज यायला हवा होता. भोकातून निघालेला भुसा ह्यांच्या चपलेवर पडला होता, तपकिरी, चिकट, चार दिवस भिजवून विसरलेल्या वालांसारखा आंबूस वासाचा. ह्यांनी तो अंगठ्याने निपटून टाकला आणि म्हणाले, "पावसाचं पाणी. ह्या दिवसांत कोरडा भुसा यायला ही काय राजस्थानात ठेवलीय होडी? काय गं?" आणि माझ्याकडे बघून हसले. मी उत्तर देणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून तर विचारलं.

चातुर्मास लागला की सकाळचं स्नान झाल्यापासून दुपारचं पान वाढेपर्यंत माझं मौन असतं. अकरावं वर्ष आहे. सुरुवातीला हे चिडायचे, दूधवाल्याला काय सांगायचं, बेल वाजली तर कोण बोलणार. मग त्यांना त्यातली सोय कळली. वर्षभर मनात ठेवलेलं सगळं ते ह्या चार महिन्यांच्या सकाळी बोलतात. माझ्या भावाने काय केलं, माझी आई जोगेश्वरीच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची तेव्हा वजनात कशी मारायची, मुलगा दहिसरला वेगळा राहायला गेला तो कुणामुळे. मी वाती वळत असते, आणि ते दाराच्या चौकटीला टेकून बोलत असतात, सावकाश, घाई नसलेल्या माणसासारखे. "बोल ना. बोल की. देवाने कुलूप घातलंय होय आज?" जेवणाचं ताट समोर आलं की गप्प होतात. जेवताना ह्यांना बोललेलं आवडत नाही.

तेव्हा त्या सकाळी माझ्या माहेरी, दांडा गावाच्या किनाऱ्यावर मी बोलले नाही ह्यात नवल काही नव्हतं. डबा फळकुटावर ठेवला, पाण्याची बाटली ठेवली, आणि परतताना होडीच्या कडेवरून सहज हात फिरवल्यासारखं करून बोटांच्या पेरांनी दोनदा वाजवलं. कडेला टक. मधे सरकले, टक. मागच्या फळीशी, जिथे इंजिन लटकायचं होतं तिथे, भद. भोकापासून वीतभर खाली, भद. वर, अगदी वरच्या काठाशी, पुन्हा टक. म्हणजे कूज खालून वर चढत होती, अजून काठाला पोचली नव्हती. माझ्या पेरांनी हे एका क्षणात मोजलं, आणि पेरं मोजताहेत हे मला नंतर कळलं. बाबांचीच सवय, ते होड्या दुरुस्त करायचे. भिकाजी म्हटलं की दांड्यातला कुणीही सांगायचा, होरी दाखवायची तर त्याला. बाबा होडीला हात लावायच्या आधी तिच्याभोवती एक फेरी घालायचे, उजव्या हाताची मूठ उलटी करून टकटक करत, डोकं एका बाजूला कलतं. मी मागून चालायचे. "होरीला इचारायचं असतं," ते म्हणायचे. "डोळ्याला ती खोटं सांगते. रंग लावला की म्हातारी पण नवरी. हाताला खोटं नाय सांगत." लाकडाच्या होड्या गेल्या आणि फायबरच्या आल्या तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी नाक मुरडलं, बाबांनी मात्र पन्नाशीत नवं काम शिकून घेतलं. त्यांनीच मला दाखवलं होतं की फायबरची होडी म्हणजे सगळी फायबर नसते. मागची फळी बाहेरून फायबर, आतून फायबर आणि पोटात प्लायवूड, कारण इंजिनाचा सगळा जोर तिच्यावर. एखादं भोक उघडं राहिलं की पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते, आणि दिसायला सगळं गुळगुळीत राहून पोट कुजत जातं. माझ्या वयाच्या मुली तेव्हा सागरगोटे खेळायच्या. मी उन्हात तापलेल्या होड्यांना कान लावून बसायचे.

ही होडी त्यांचीच. ते गेल्यावर नंदूने, माझ्या धाकट्या भावाने, दोन वर्षं चालवली, मग टेम्पो घेतला आणि होडी ताडपत्रीखाली गेली. आतलं जुनं इंजिन गंजून बसलं ते काढून भंगारात दिलं. मागच्या वर्षी हे रिटायर झाले. तेहतीस वर्षं अंधेरीच्या एका कारखान्यात फिटर. पहिले दोन महिने घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घालून झालं, नळ बदलून झाले, मग मला काम करताना बघत बसायला लागले. आणि एक दिवस नंदूकडून परस्पर होडी मागून घेतली. मला कळलं ते नंदूच्या बायकोकडून. "पडून होती," हे म्हणाले, "माझ्या आज्याची वेंगुर्ल्याला गलबतं होती. रक्तात असतं ते." कुठूनतरी जुनं बाहेर लटकवायचं इंजिन मिळवलं. पण त्याचा पाय आखूड निघाला. फळीवर तसंच लटकवलं तर पंखा पाण्याला टेकायचा नाही. तेव्हा फळीच्या मागे एक लोखंडी बैठक जोडायची, त्यावर इंजिन खाली उतरवून बसवायचं, असं ठरलं. ब्रॅकेट. दीड महिना आमच्या दहा बाय चौदाच्या खोलीत त्या ब्रॅकेटशिवाय दुसरा शब्द नव्हता.

फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आधी नमुना केला. तो देव्हाऱ्यापुढेच, कारण तिथलीच लादी सपाट. मी जप करत बसले की गुडघ्यापाशी पट्टी सरकायची. "जरा सरक. तुझा देव काय इंचभर हलला तर पडणार नाही." ओळखीच्या गाळ्यात पत्रे कापून आणले, स्टेनलेसचे, जाड, आणि ग्राइंडर मात्र घरीच फिरवला, गॅलरीत, बरोब्बर साडेसातला, माझ्या स्तोत्राच्या वेळेला. ठिणग्या चौकटीतून आत येऊन विझायच्या. मी डोळे मिटून बसायचे आणि ओठ हलवायचे. आणि त्या आवाजात मला कळायचं की माझे ओठ स्तोत्राचे नाहीतच, ते दुसरंच काही म्हणताहेत, ते काय हे मी नीट ऐकायची नाही.

राग कसला, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. ह्यांनी कधी हात उचलला नाही. दारू नाही. माझी आई आजारी होती तेव्हा स्वतः दवाखान्यात बसले होते. पण लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी मला न्हाणीत दोनदा पाठवलं. पहिल्यांदा मी बाहेर आले तर त्या नाकाशी पदर धरून म्हणाल्या, "आणि एकदा न्हा गो. म्हावऱ्याचो वास अजून जाऊक नाय." मासे खाणारं घर होतं ते, दर बुधवारी, शुक्रवारी, रविवारी. विकणारं नव्हतं. हे बाहेर पाटावर बसले होते, वीस पावलांवर, भिंत अर्धीच. ऐकलं त्यांनी. मला दिसत होतं त्यांच्या पाठीवरून, की ऐकलं. मी दुसऱ्यांदा पाणी घेतलं. माझं नाव द्रौपदी होतं, ते तांदळात बोट फिरवून सुलक्षणा झालं, आणि ते अक्षर काढतानासुद्धा ह्यांनी माझा हात मनगटाला धरला, बोटांना नाही. त्यानंतर सहा महिन्यांत मी मासे सोडले. सोमवार धरला, मग गुरुवार, मग एकादशा, मग कांदा-लसूण. सासूबाई पुढे पुढे माझ्या हातचं सोवळ्याचं जेवायला लागल्या, शेजारणींना सांगायच्या, आमच्या सुनेसारखी सून नाय. त्या घरात माझ्याइतकं शुद्ध कुणी उरलं नाही. हे तर नाहीच. मला वाटायचं मी देवाच्या जवळ चाललेय. खरं म्हणजे मी एकेक पायरी चढून त्यांच्या वरती जाऊन उभी राहत होते, आणि तिथून खाली बघत होते.

ड्रिल मारलं त्या दिवशी दुपारी जेवण झालं. मौन सुटलं होतं. दोघेही घरी होतो, हे आडवे झाले होते पंख्याखाली. मी ताट उचलता उचलता म्हटलं, "अहो, त्या फळीचा आवाज..." एवढंच. ह्यांनी डोळे न उघडता हात वर केला. "फळीचं तू मला सांगू नकोस. तुका काय कळता त्यातला? बापाबरोबर किनाऱ्यावर हिंडलीस म्हणून कुणी इंजिनियर होत नाही." मी ताट घेऊन मोरीपाशी गेले. आणि मला बरं वाटलं. हे लिहायला जड जातं, पण खरं आहे ते आहे. अपमान झाल्यावर जसं वाटतं तसं मला वाटायला हवं होतं, आणि मला वाटलं बरं, हलकं, जसं परीक्षेला गेलो आणि पेपरच रद्द झाला. मी सांगायला गेले होते. त्यांनी ऐकलं नाही. झालं. भांडी घासताना मी दोन ओव्या म्हटल्या.

पण तसं ते संपलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती फळी माझ्याबरोबर राहायला आली. कणीक मळताना मुठीखाली भद. उशी झटकताना भद. नंदूने फोनवर सांगितलं की भावजी पुनवेलाच होरी पाण्यात घालायची म्हणताहेत, नारळीपौर्णिमेला, दुपारच्या भरतीला, आणि मी म्हटलं, "अगबाई, हो?" नंदूलाही नाही सांगितलं. नंदूला सांगितलं असतं तर तो पाच मिनिटांत सुरी खुपसून बघणार होता. दुपारी बोलायचं तर हे झोपलेले, संध्याकाळी बोलायचं तर शेजारी बसलेले, सकाळी तर मौनच. मी रोज कारण शोधत होते असंही नाही. कारणं आपोआप पुढे यायची, देवाला फुलं मिळतात तशी. आणि डोळ्यांपुढे एक चित्र यायचं. खडकांच्या पलीकडे गढूळ पाणी, इंजिन सुरू, हे मागे बसलेले, छाती पुढे काढून. ब्रॅकेट फळीपासून दूर असल्यामुळे इंजिनाचा भार दुप्पट ओढणारा. आणि मग बोल्ट आत रुततात, फळी फाटते, इंजिन खाली, आणि त्या खिंडारातून पाणी. चित्र इथवर यायचं. मी ते इथे थांबवायचे, कधी चटकन, कधी सावकाश. एकदा गंध उगाळताना मी ते मुळीच थांबवलं नाही. सहाण ओली झाली होती आणि मी उगाळतच राहिले.

शिवाय आणखी एक होतं, आणि ते मी स्वतःलाही पंधरा दिवस सांगितलं नाही. बाबा गेले त्या वर्षी मी त्या होडीत एक लहानशी फळी बसवली होती, मागच्या बाजूला आतून, आईचा, म्हणजे एकवीरेचा, फोटो ठेवायला. नंदूला म्हटलं लाव, तो म्हणाला लावतो, लावलाच नाही. मग मीच ह्यांच्या पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर नेला आणि चार स्क्रू पिळले, सरळ फायबरमधून आतल्या लाकडात. दर पुनवेला जाऊन उदबत्ती लावायची. होडी चालत होती तोवर दोन वर्षं लावली. मग ती फळी वाऱ्याने गेली, फोटो मी घरी आणला, आणि चार भोकं तशीच राहिली. बाबांच्या लेकीने होडीला भोक पाडलं आणि बुजवलं नाही. थेंबभर रेझिनचं काम होतं. मला ते माहीत होतं, हात चालत असताना माहीत होतं, पण मला वाटलं, आईची जागा आहे, तिथून काय जाणार आत. ती चार भोकं आता बरोबर ब्रॅकेटच्या मागे होती.

ब्रॅकेट मात्र सुरेख झालं होतं. हे मला कबूल करावं लागेल. शेवटच्या आठवड्यात ह्यांनी ते पुसून, घासून, जेवणाच्या पाटावर आणून ठेवलं. दोन त्रिकोणी बाजू, मधे आडवा पत्रा, कोपरे हाताला लागू नयेत म्हणून कानशीने गोल केलेले. जोड इतके सारखे की जणू कुणी बारीक टीप घातलीय. तेहतीस वर्षं दुसऱ्यांची यंत्रं जुळवणाऱ्या माणसाने पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी केलं होतं. त्यांनी त्यावरून हात फिरवला, आणि माझ्याकडे बघितलं, मी काही म्हणेन म्हणून. सकाळ होती. माझं मौन होतं. मी डोळ्यांनीसुद्धा काही म्हटलं नाही.

पुनवेच्या दिवशी दांड्यात सकाळपासून बँजो. गावाची मिरवणूक संध्याकाळी होती, पण होड्यांना रंग, पताका, झेंडूच्या माळा. मी नऊवारी नेसले होते, सोनेरी कागद लावलेला नारळ ताटात. नंदू ब्रॅकेट बघून म्हणाला, "भावजी, होरी इकून टाका आणि ह्येच्यावर बसून जा! काय भारी बनवलंय यार! शोकेसला ठेवा, शोकेसला!" हे खूष. लहान मुलासारखे खूष. चार-पाच जणांनी मिळून होडी गुडघाभर पाण्यात लोटली, इंजिन चढवलं, चाप घट्ट केले. आतून बोल्टांना फक्त वाशर होते, रुपयाएवढे. बाबांनी आतून आडवी मोठी पट्टी घातली असती, जोर पसरायला. पण कारखान्यात आत पोलाद असतं, कूज नसते, तिथे वाशर पुरतो. मी पाण्याच्या कडेला उभी होते आणि पाण्याने लुगड्याचा काठ ओढला जात होता.

"चल," हे म्हणाले.

मी ताटातला नारळ सावरला.

"चल की, बस आत. होडी भिकाजींची. नारळ त्यांची लेक सोडेल, मी कोण सोडणारा? खडकापलीकडे घेऊन जातो, तिथे सोड." आणि त्यांनी हात पुढे केला. चौतीस वर्षांत बाबांच्या नावाला त्यांनी पहिल्यांदा जी लावला होता. चारचौघांत. नंदूची बायको पदराआडून माझ्याकडे बघून हसत होती, बघ बाई, म्हातारपणी का होईना. मी एक पाय उचलला. काठाला हात लावला. हे काठीसारखे सरळ उभे, हात तसाच पुढे, बोटांना तेल लागलेलं. आणि मी म्हटलं,

"कुजलीय."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. सकाळपासून न वापरलेला, खरखरीत.

"काय?"

"फळी. आतून कुजलीय. इंजिनाच्या डोक्यावर जोर देऊन बघा."

बँजो लांब वाजत होता. कुणीतरी म्हणालं, मौन सुटलं ग बायचं. ह्यांनी हात मागे घेतला. "तुका काय..." एवढं म्हटलं आणि पुढचं म्हटलं नाही, कारण नंदू आधीच मागे गेला होता. त्याने दोन्ही हात इंजिनावर टेकले आणि वजन टाकलं. एकदाच. ब्रॅकेटचा वरचा काठ फळीपासून सुटला, बोटभर, आणि त्या फटीतून पाणी आलं. चहासारखं तपकिरी, सावकाश, जणू गळवातून यावं तसं. आतल्या बाजूला एक वाशर फायबरमध्ये रुतून दिसेनासा झाला. "आयला," नंदू म्हणाला, "भावजी, वाट लागली असती हो! खडकाजवळ गेलं असतं तर संपला होता विषय!" मग तो वाकला, आतून बोटाने चाचपलं. "ही भोकं कसली? चार..." आणि वर बघून माझ्याकडे, "ताय, ही तुझ्या फोटोची ना गं?" आणि तो हसला, त्याला काही कळलं नाही म्हणून हसला. रुमाल नेसलेले दोघे-तिघे म्हातारे हसले. एक जण म्हणाला, "भिकाजीची पोर, आणि भोक उघडं ठेवलंस?" दुसरा ह्यांना म्हणाला, "फिटर, लोखंड एक नंबर, पण चिटकवलंस कुठं? बटाट्याला?"

हे हसले नाहीत. त्यांनी पाना घेतला आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून एकेक बोल्ट सोडवला, आठही, कुणालाही हात लावू न देता. नारळ ताटातच राहिला. शेवटी नंदूने तो घेतला आणि किनाऱ्यावरूनच पाण्यात टाकला. लाटेने तो दोनदा परत आणला.

रिक्षात ब्रॅकेट आम्हा दोघांच्या मधे होतं, गोणपाटात. जोगेश्वरीचा पूल आला तेव्हा त्यांनी गोणपाट नीट केलं. मग समोर बघत म्हणाले, "कधीपासून?"

"डबा घेऊन आले होते, ड्रिल मारत होतात, त्या दिवसापासून."

त्यांनी मनात हिशेब केला, ओठ हलले. "एकवीस दिवस."

"हो."

"दुपारी तर बोलतेस तू."

"हो. एकदा सांगायला आले होते. तुम्ही..."

"एकदा." त्यांनी मान हलवली, जशी मापं बरोबर आल्यावर हलवतात. "मी एकटा जाणार होतो तोवर एकदा. तुझा पाय आत पडायची वेळ आली तेव्हा मौन सुटलं."

मला म्हणायचं होतं की तसं नाही. मला म्हणायचं होतं की पायामुळे नाही, त्या हातामुळे. तुम्ही हात पुढे केलात म्हणून, बाबांना जी म्हटलंत म्हणून. ते खरं होतं का? मी रिक्षाच्या दांडीला धरून ते खरं आहे का ते शोधत होते. पाय उचलला होता, आणि हातही समोर होता. दोन्ही एकाच वेळी होतं. कुठलं आधी, हे मला आजही सांगता येत नाही. आणि जे आपल्यालाच ठाऊक नाही ते दुसऱ्याला कसं सांगणार? मी गप्प बसले. तेव्हा दुपारचे दीड वाजले होते आणि माझं कुठलंच व्रत चालू नव्हतं.

"मी तुला भोळी समजत होतो," ते म्हणाले. ओरडून नाही. त्यात थोडा आदर होता, अनोळखी माणसाला असतो तसला. घरी आल्यावर ब्रॅकेट त्यांनी खाटेखाली सारलं आणि जेवले नाहीत. रात्रीही नाही. खाली जाऊन वडापाव खाऊन आले.

सकाळी मी स्नान केलं, मौन धरलं, आणि नेहमीसारखा त्यांचा चहा केला. आलं ठेचलं, साखर दीड चमचा. ते खाटेवर बसले होते, दाढी न केलेले. मी कप समोरच्या स्टुलावर ठेवला आणि वळले.

"थांब," ते म्हणाले.

कपाकडे बघत होते. त्यावरची वाफ, साय धरायला लागलेली कड, कान. यंत्र सुरू करण्याआधी बघतात तसं. मग एका बोटाने कप माझ्याकडे सरकवला.

"आधी तू."

मला हसू येईल असं वाटलं, आलं नाही. ते चेष्टा करत नव्हते. त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. होतं ते साधं होतं, मी आतापर्यंत त्यांच्या तोंडावर कधी न पाहिलेलं, मला ओळखायला वेळ लागला. भीती होती ती. चौतीस वर्षं मी वरती उभी राहून खाली बघत होते, आणि आज पहिल्यांदा त्यांनी मान वर केली होती.

तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंबही नाही, हा माझा सगळ्यात जुना नेम. तापात, बाळंतपणात, सासूबाई गेल्या त्या सकाळीही मोडलेला नाही. त्यांना हे ठाऊक आहे. आणि आत्ता ते तोंडाने सांगताही येणार नव्हतं. खुणेने तुळस दाखवता आली असती. मी हात उचललाही. पण मला कळलं की आता मी कुठलंही कारण दाखवलं, देवाचं, व्रताचं, वेळेचं, तरी ते त्यांना एकाच गोष्टीसारखं ऐकू येईल. आणि त्यांचं चुकणार नाही.

मी कप उचलला. घोट घेतला. गरम होता, जीभ भाजली. ते माझ्या गळ्याकडे बघत होते, खाली उतरतो का ते. उतरल्यावर त्यांनी कप माझ्या हातातून घेतला, जिथे माझे ओठ लागले होते ती बाजू पलीकडे फिरवली, आणि प्यायला लागले.